फणसाचा बुंधा आणि आपाचा हिस्सा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकले, त्या दिवशी आम्ही घरातले सहाजण माजघरात बसून होतो. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. कौले उडत होती, मुले रडत होती आणि अम्मी तस्बीह पढत होत्या. वारा पडल्यावर दार उघडले, तर सुपारीची बाग आडवी झालेली. परसातला फणस मुळांसकट उपटून विहिरीच्या कठड्याला टेकला होता.

श्रीवर्धनची रोठा सुपारी सर्वांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे वाढवलेल्या बागा त्या एका दुपारी गेल्या. त्या मानाने आमचा एक फणस म्हणजे लहानच नुकसान. पण तो मरहूम अब्बांनी लावलेला होता. आमच्या थोरल्या बहिणीचा, आपाचा जन्म झाला त्या वर्षी लावलेला. अब्बांचा इंतकाल 2018 मध्ये झाला. त्यांच्या हातची परसात उरलेली ती मोठी खूण होती.

तलाठ्यांनी पंचनामा केला. लाकडाचा व्यापारी आला आणि सरळ खोडाचे आठ हजार रुपये देऊन गेला. वादळानंतर सगळीकडे लाकूडच लाकूड पडले होते, त्यामुळे भाव पडलेला होता. खोडाचा बुडखा आणि दोन जाड फांद्या त्याने नको म्हणून टाकल्या. आम्ही कटर चालवणाऱ्या मुलाला बोलावून त्यांचे दीड दीड फुटाचे ओंडके पाडून घेतले. मोजले तर नऊ भरले. कापल्यावर आतला गाभा हळदीसारखा पिवळाधमक दिसत होता. शाळा बंद, लॉकडाऊन सुरू, हातात वेळ होता. मोबाईलवर ओंडक्यांच्या बैठकी आणि तिवया पाहिलेल्या होत्या. आम्हाला वाटले, यात काय अवघड आहे? साल काढायची, घासायचे, पॉलिश मारायचे आणि खोलीत नेऊन ठेवायचे.

पहिली घाई

दोन ओंडके आम्ही तसेच केले. दीड महिन्यात साल सोलली, पॉलिश पेपरने घासले, व्हार्निशचे तीन हात मारले आणि बकरी ईदच्या आदल्या दिवशी बाहेरच्या खोलीत मांडले. त्या वर्षी पाहुणे नव्हतेच. शेजारचे दोघेतिघे आले, त्यांनी कौतुक केले. आम्हीही खूश होतो.

पंधरा दिवसांनी रात्री खोलीत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. आधी वाटले कौल पडले. दिवा लावून पाहिले, तर एक ओंडका कडेपासून मध्यापर्यंत उभा चिरला होता. फटीत बोट जात होते. दुसरा उचलून पाहिला, तर त्याच्या तळाला पांढरी बुरशी आणि फरशीवर काळा गोल डाग. व्हार्निशने वरून दार बंद केले होते, त्यामुळे आतले पाणी खालून झिरपत राहिले. पुढे हिवाळ्यात त्याच ओंडक्याच्या कडेच्या पांढऱ्या लाकडातून पिठासारखा भुसा गळू लागला. भुंगा लागला होता.

मुले हिरमुसली. धाकटी म्हणाली, "झाड रडलं का?" तेव्हा अम्मींनी तिला जवळ घेऊन खजुराच्या खोडाची हकीकत सांगितली. मदिन्यात प्रेषित (स.) सुरुवातीला खजुराच्या एका खोडाला टेकून खुतबा देत असत. पुढे एका अन्सारी महिलेच्या सुतारकाम जाणणाऱ्या गुलामाने झाऊच्या लाकडाचा मिंबर घडवला. प्रेषित (स.) मिंबरवर गेले, तेव्हा ते जुने खोड रडू लागले, आणि ते खाली उतरले व खोडावर हात ठेवला, तेव्हा ते शांत झाले. हदीसच्या ग्रंथांत, सहीह बुखारीतही, ही घटना आली आहे. आम्ही ती शाळेत कितीतरी वेळा सांगितली असेल. पण त्या दिवशी चिरलेल्या ओंडक्यासमोर बसून ऐकताना, आपण या लाकडाकडे फुकट मिळालेली वस्तू म्हणूनच पाहिले, ही जाणीव झाली.

अम्मींचा प्रश्न

हकीकत संपवून अम्मी आमच्याकडे वळल्या. "खोडाच्या पैशांचे हिस्से केलेस. या ओंडक्यांचे केलेस का?"

आम्ही गप्प झालो. पैशांचे हिस्से खरोखर केले होते. अब्बांवर कर्ज नव्हते, वसीयत नव्हती. वारस चौघे: अम्मी, आम्ही, कुवेतला असलेला धाकटा भाऊ आणि आपा. पत्नीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन भाग तर मुलीला एक. म्हणजे चाळीस भाग धरले तर अम्मींचे पाच, आम्हा दोघा भावांचे चौदा-चौदा आणि आपाचे सात. आठ हजारांत अम्मींचे एक हजार, भावांचे दोन हजार आठशे प्रत्येकी आणि आपाचे चौदाशे. चौदाशे रुपये आपाला पाठवले, तेव्हा आपण मोठे काम केले असे आम्हाला वाटले होते. व्यापाऱ्याने टाकून दिलेल्या ओंडक्यांना मात्र आम्ही वारसा मानलेच नाही. त्याची किंमत नाही, मग हिस्सा कसला?

वारशाचा हुकूम मालाची किंमत बघून बदलत नाही. मागे उरलेले थोडे असो की फार, त्यात मुलीचा भाग ठरलेला आहे. आपल्या घरांत जमिनीचा तुकडा आणि सोने यावर तरी बोलणे होते. भांडी, कपाट, जुना पलंग, पडलेले झाड हे सगळे जो घरात राहतो त्याचेच, असे न बोलता ठरून जाते. बहीण काही म्हणत नाही, म्हणून आपण तिची संमती धरून चालतो.

आम्ही आपाला फोन लावला. ती पनवेलला असते. सगळे सांगितले. ती हसली. "लाकडाचं काय घेऊन बसलास? राहू दे तुला." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. नंतर म्हणाली, "त्या फणसाच्या आडव्या फांदीला माझा झोका होता. तुझा जन्मही झाला नव्हता. त्या फांदीचं काही उरलं असेल, तर मला दे."

तिच्या चौदाशे रुपयांत ते कुठेच आले नव्हते.

भावाशीही बोलणे झाले आणि सर्वांच्या राजीखुशीने ठरले. नऊपैकी तीन भावाचे, दोन आपाचे, एक अम्मींचा, तीन आमचे. वाया गेलेले दोन आमच्याच हिश्श्यात धरायचे. आपाने आधी निवडायचे. तिने व्हिडिओ कॉलवर फांदीचा एक आणि बुडख्याचा एक निवडला. आता उरलेले सात ओंडके आमच्याकडे अमानत होते. त्यांच्याबाबतीत पुन्हा घाई करण्याची हिंमत नव्हती.

लाकूड का तडकते?

आमच्या गावाशेजारच्या वाडीत एक वयस्क सुतार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. आम्ही चिरलेला ओंडका त्यांना दाखवला. त्यांनी फटीत पटाशी घालून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, हे अजून लाकूड झालंच नव्हतं. हे झाडच होतं."

पुढे त्यांच्याकडून आणि वाचनातून जे समजले, ते असे. ताज्या कापलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी आधी जाते, तोवर लाकूड आकसत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 30 टक्के इतके पाणी उरले, की भिंतींतले पाणी निघू लागते आणि तेथून आकसणे सुरू होते.

हे आकसणे सगळीकडे सारखे नसते. मध्यापासून कडेकडे लाकूड जेवढे आकसते, त्याच्या साधारण दुप्पट ते घेराच्या दिशेने आकसते. शाळेतले गणित करून पाहा. 50 सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा घेर 157 सेंटिमीटर. घेराचे आकसणे दोन टक्क्यांनी जरी जास्त झाले, तरी तीन सेंटिमीटर घेर कमी पडतो. आतला गाभा मात्र तेवढा लहान झालेला नसतो. मग लाकूड कुठेतरी फाटणारच. म्हणून अखंड गोल ओंडका किंवा चकती न तडकणे हा अपवाद समजावा.

शिवाय कापलेल्या तोंडाकडून पाणी बाजूपेक्षा कितीतरी पटीने लवकर उडते. तोंडे सुकून आकसू पाहतात, पोट ओले असते. पंख्याखाली, उन्हात किंवा एसीच्या खोलीत ठेवले, की ही ओढाताण आणखी वाढते.

सात ओंडक्यांचे काय केले

मामांच्या सल्ल्याने आम्ही पुढील गोष्टी केल्या. ज्यांना करायचे असेल, त्यांनी क्रम लक्षात ठेवावा.

पहिले, साल पूर्ण काढली. सालीखाली ओल आणि किडे दोन्ही राहतात. साल दिसायला छान असली, तरी घरात आणायच्या वस्तूवर ठेवू नये.

दुसरे, तीन ओंडके विहिरीजवळच्या टाकीत सहा आठवडे बुडवून ठेवले, दर आठवड्याला पाणी बदलले. पूर्वी कोकणात मोठी लाकडे आणि बांबू खाडीत किंवा तळ्यात टाकून ठेवत. पाण्यात लाकडातला पिठूळ अंश निघून जातो आणि भुंग्याला खायला उरत नाही. आमच्या टाकीचे पाणी पिवळे झाले. फणसाच्या गाभ्यात रंगच असतो. बौद्ध भिक्खूंची चीवरे या रंगात रंगवण्याची पद्धत काही देशांत होती.

तिसरे, दहा लिटर गरम पाण्यात 300 ग्रॅम टाकणखार आणि 200 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ते पाणी सर्व ओंडक्यांना, विशेषतः कडेच्या पांढऱ्या लाकडाला दोन वेळा पाजले. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे. ज्या लाकडावर अन्न ठेवायचे असेल, त्याला हे लावू नये. काजूच्या टरफलांचे तेल आपल्याकडे होड्यांना लावतात, वाळवीवर ते चांगले. पण ते कातडी भाजते. हात लागेल अशा वस्तूला ते नको.

चौथे, प्रत्येक ओंडक्याला खालून, मध्यावर, दोन इंच रुंद भोक पाडून ते वरच्या बाजूला चार बोटे राहीपर्यंत नेले. मधला भाग मोकळा झाला की ताण कमी होतो. तीन ओंडक्यांना मामांनी मागच्या बाजूने कडेपासून मध्यापर्यंत करवतीने एक सरळ काप दिला. "फुटायचंच आहे, तर आपण सांगू तिथे फुटू दे," असे ते म्हणाले. 

पाचवे, दोन्ही तोंडांना वितळवलेले मेण फासले, म्हणजे पाणी तोंडातून भराभर न जाता सावकाश जाईल.

सहावे, पडवीत सावलीला, विटांवर पट्ट्या टाकून, दोन ओंडक्यांत हातभर अंतर ठेवून ते रचले. ऊन नको, पावसाची झड नको, जमिनीचा स्पर्श नको. वारा मात्र हवा. महिन्यातून एकदा फिरवायचे.

आणि मग थांबायचे. किती? हे डोळ्यांनी कळत नाही, वजनाने कळते. आम्ही रेशन दुकानाच्या काट्यावर एक ओंडका तोलला: ऑगस्ट 2020 मध्ये 39 किलो. खडूने तारीख आणि वजन त्याच्यावरच लिहिले. पुढे मुलांना ते काम आवडू लागले. पावसाळ्यात आकडा जागचा हलेना, उलट अर्धा किलो वाढला. हिवाळ्यात भरभर उतरला. मार्च 2022 मध्ये 27 किलोवर थांबलेला दिसला, तेव्हा मामा म्हणाले, "आता लाकूड झालं." बारा किलो, म्हणजे बारा लिटर पाणी एका ओंडक्यातून निघून गेले होते.

काप दिलेल्या तिन्ही ओंडक्यांचे काप दोन बोटे उघडले आणि दुसरीकडे कुठेही तडा गेला नाही. त्या फटीत मामांनी फणसाचीच पाचर बसवली. भावाचा एक ओंडका मात्र सर्व काळजी घेऊनही तडकला. त्याच्या फटीवर डमरूच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे कोरून बसवले. आता फट पुढे जात नाही, आणि पाहणारे तीच नक्षी समजतात.

शेवटी जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर तीन दिवस थांबून. येथे एक सावधगिरी: जवसाचे तेल लागलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवून मगच टाकावे. प्रत्येक ओंडक्याखाली अर्धा इंच उंचीचे तीन पाय ठोकले, म्हणजे फरशी पुसली तरी ओल चढत नाही आणि खालून हवा खेळते.

कोणते झाड घ्यावे?

फणस, साग, बाभूळ, चिंच यांचा गाभा टिकतो. आंब्याचे लाकूड घडवायला सोपे, पण त्याला काळे-निळे डाग आणि भुंगा लवकर लागतो. त्याला टाकणखाराशिवाय घरात आणू नये. सुरू कठीण असतो आणि फार तडकतो. नारळ आणि सुपारीच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण, आतला भुसभुशीत. त्याच्या बैठकी होत नाहीत, सुपारीची पन्हळ मात्र पूर्वीपासून करतात.

आणि बैठकीसाठी उभे झाड तोडू नये. आंबा, फणस, साग, चिंच, जांभूळ ही झाडे आपल्या जमिनीत असली, तरी महाराष्ट्रात 1964 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांत त्यासाठी 1975 चा कायदा आहे. वादळात पडलेले, रस्त्यासाठी कापलेले, वखारीत जळणाच्या भावाने पडून असलेले बुंधे पुष्कळ मिळतात.

घरात लहान मुले असतील, तर आणखी एक. पंचवीस-तीस किलोचा ओंडका कलंडला तर पाऊल चेचते. तळ रुंद आणि वरचा भाग अरुंद ठेवावा, उभा लांबट ओंडका नको.

आपाची रेहल

आपाने बुडख्याच्या ओंडक्याची बैठक करायला सांगितली आणि फांदीच्या ओंडक्यातून एक रेहल. तिच्या मुलीचे कुरआनचे नाजिरा पूर्ण होत आले होते.

रेहल आपण रोज पाहतो, पण तिच्याकडे नीट पाहत नाही. चांगली रेहल एकाच फळीतून होते. दोन्ही टोकांकडून फळी उभी चिरत आणायची आणि मधोमध बिजागरीचे दात एकमेकांत गुंतलेले कोरायचे. न खिळा, न डिंक. मग ती उघडते आणि मिटते. मामांनी अब्बांची जुनी रेहल नमुन्याला मागितली, ती चारपाच वेळा उघडझाप केली आणि म्हणाले, "ओल्या लाकडात हे करून चालत नाही, मास्तर. दात फुगले की उघडत नाहीत, सुकले की तुटतात." त्यांनी मधला गाभा टाळून, एका बाजूची फळी घेतली. मध्य नसला, की गोल फुटण्याचे कारणच राहत नाही. ओंडक्यापेक्षा फळी बरी, ती यासाठी.

चार दिवस ते त्यावर बसले. मजुरी विचारली, तर म्हणाले, "बैठकींची द्या. हिची नको." आम्ही आग्रह केला, तेव्हा बैठकींच्या मजुरीत थोडे वाढवून घेतले.

2022 च्या रमजानच्या आधी आम्ही ती रेहल आणि बैठक पनवेलला पोचवली. आपाने रेहल हातात घेतली, नाकाशी नेली. तेलाचा वास होता. तिने बोटाने लाकडाची रेघ शोधली आणि मुलीला म्हणाली, "यावर मी झोके घेतलेत." मुलीला ते खरे वाटेना.

परत निघताना तिने चौदाशे रुपयांचे पाकीट पुढे केले. वादळानंतर पाठवलेले, न उघडलेले. "छपराच्या कौलांना लाव," म्हणाली. आम्ही घेतले नाही. ते तिचे होते. पुढे तिने त्याच पैशांतून फणसाची दोन कलमे घेऊन पाठवली. एक कलम जुन्या फणसाच्या खड्ड्यात लावले, दुसरे कुंपणाजवळ.

अम्मी आता आपल्या ओंडक्यावर बसून परसात भाजी निवडतात. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. आमच्या हिश्श्याचा चिरलेला पहिला ओंडका पडवीबाहेर आहे. त्यावर पक्ष्यांसाठी पाण्याचे मातीचे भांडे ठेवले आहे.

आपल्या परसात झाड पडले असेल आणि वडील हयात नसतील, तर कटरवाल्याला बोलावण्याआधी बहिणीला एक फोन करावा. लाकूड सुकायला दोन वर्षे लागतातच, त्यात एक दिवस जास्त गेला म्हणून काही बिघडत नाही.